बिडी स्वस्त ठेवून कोणाचे भले झाले?



तंबाखूच्या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, सरकारने एकदाची बंदी घालून टाकावी, कारखानाच राहिला नाही तर माणूस ओढणार काय? दुसरा पक्ष म्हणतो, बंदीने काही होत नाही, कर एवढा वाढवा की खिशात हात घालताना माणसाने दहा वेळा विचार केला पाहिजे. विहारातल्या बैठकीत, कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या मांडवात हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. गंमत अशी की, वाद संपला की दोन्ही पक्षांतले काही वक्ते एकाच पानठेल्याकडे वळतात.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. संपूर्ण बंदी नको, जबर कर हवा. तो कर सिगारेटवर जसा, तसाच बिडीवरही हवा. आणि त्या कराचा पैसा बिडी वळणाऱ्या बाईच्या घरापर्यंत पोचला पाहिजे. यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ओढणारा आपला आहे आणि वळणारीही आपलीच आहे.

आधी नुकसान किती आहे ते पाहू. आपल्या देशात तंबाखूमुळे दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसे मरतात. २०१६-१७ साली देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखू पाहणीत बिडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के आढळले. म्हणजे धूर काढणाऱ्यांत बिडीवाले जवळजवळ दुप्पट. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासाने दाखवून दिले की, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे सहा वर्षांनी आणि बिडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांनी कमी होते. "बिडी म्हणजे पानातला तंबाखू, तिने काय होते?" असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. बिडी सारखी विझते, म्हणून ती पेटती ठेवण्यासाठी झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. तंबाखू थोडा असला तरी विष भरपूर आत जाते.

मग सरळ बंदीच का नको? बंदीचा अनुभव आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्र सरकारने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली होती. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि ती वर्षावर्षाने वाढवली जात आहे. या बंदीचा काहीच उपयोग झाला नाही, असे मी म्हणणार नाही. दुकानादुकानांवर लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा गेल्या. राज्यात तंबाखूचे कोणत्याही प्रकारे सेवन करणारे प्रौढ २००९-१० च्या पाहणीत ३१ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१६-१७ मध्ये २७ टक्क्यांच्या खाली आले. परंतु शेजारच्या राज्यांतून चोरून आणलेला साठा पकडल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. पुडी दिसेनाशी झाली, मिळेनाशी झाली नाही. आणि आपल्या विदर्भात तर खर्रा घोटण्याचा आवाज कोणत्याही चौकात ऐकू येतो.

दारूबंदीचाही अनुभव घरचाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी मोठा लढा दिला, त्यामुळे १ एप्रिल २०१५ पासून तेथे दारूबंदी झाली. २०२१ साली सरकारनेच ती उठवली. कारण काय दिले? अवैध दारू वाढली. स्त्रियांची मागणी खोटी नव्हती, त्यांचे दुःखही खोटे नव्हते. कायदा कागदावर आला, पण त्याच्यामागे जी यंत्रणा उभी राहायला हवी होती ती राहिली नाही.

बाहेरच्या देशातले एक उदाहरण येथे फार बोलके आहे, कारण त्या एकाच देशाने दोन्ही उपाय करून पाहिले. दक्षिण आफ्रिकेने १९९० च्या दशकात सिगारेटवरील कर सातत्याने वाढवत नेला. परिणामी खप मोठ्या प्रमाणात घटला आणि खप घटूनही सरकारचे उत्पन्न वाढले. त्याच देशाने कोरोनाच्या काळात, २०२० च्या मार्चअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तंबाखूविक्रीवर पूर्ण बंदी घातली. तेव्हा काय झाले? बहुतेक ओढणारे ओढतच राहिले. सिगारेट काळ्या बाजारात कित्येक पट भावाने विकली गेली आणि जो पैसा सरकारी तिजोरीत जायचा तो चोरबाजारवाल्यांच्या खिशात गेला. भूतानमध्येही तंबाखूविक्रीवर २००४ पासून बंदी होती. चोरटी आयात थांबेना, म्हणून अखेर २०२१ साली तीही मागे घ्यावी लागली.

बंदीचा आणखी एक तोटा आपल्या माणसांनी ध्यानात घ्यावा. बंदी आली की पोलिसांची काठी प्रथम कोणावर पडते? कारखानदारावर नाही. ती पडते कोपऱ्यावर टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीवर आणि वस्तीतल्या बेकार पोरावर. ज्यांच्याकडे वकील नाही, जामीन नाही, त्यांनाच कायद्याचा पहिला चटका बसतो.

मात्र बंदी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सार्वजनिक ठिकाणी ओढण्यास बंदी, अठरा वर्षांखालील मुलांना विकण्यास बंदी, शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत विक्रीस बंदी, जाहिरातीस बंदी, या सगळ्या बंद्या २००३ च्या कायद्यात आहेत. त्या योग्यच आहेत आणि त्या कडकपणे पाळल्या गेल्या पाहिजेत. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यासही मनाई केली. हेही बरोबर होते, कारण पाकिटावर कितीही कर लावला तरी एक-एक नग सुटा मिळत असेल तर शाळकरी पोरालाही तो परवडतो. आता ही मनाई तुमच्या चौकात किती पाळली जाते, ते तुम्हीच पाहा.

आता कराचा हिशेब मांडतो. वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे आकडे पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही.

२०१७ साली जीएसटी आला तेव्हा बिडीवर २८ टक्के कर बसला. २८ टक्के म्हणजे ऐकायला मोठा वाटतो. परंतु हा कर मूळ किमतीवर असतो. शंभर रुपयांच्या मालावर अठ्ठावीस रुपये कर, म्हणजे गिऱ्हाईक देतो एकशे अठ्ठावीस. त्या १२८ रुपयांत कराचा वाटा निघतो सुमारे २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, तंबाखूच्या विक्रीच्या किमतीत कराचा वाटा निदान ७५ टक्के असावा. तेवढा वाटा यायचा तर शंभराच्या मालावर तीनशे रुपये कर हवा. कोठे तीनशे आणि कोठे अठ्ठावीस! शिवाय सिगारेटवर जीएसटीच्या वर वेगळा उपकरही लागत होता, बिडीला तो माफ होता.

पुढचे ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तंबाखूच्या इतर मालावर ४० टक्के दर ठरवला आणि बिडीचा दर २८ वरून खाली आणून १८ टक्के केला. तेंदूपत्त्यावरचा कर १८ वरून ५ टक्के केला. १८ टक्के दराने विक्रीच्या किमतीत कराचा वाटा किती पडतो? जेमतेम सव्वापंधरा टक्के. म्हणजे श्रीमंताच्या सिगारेटवर सरकार डोळे वटारते आणि गरिबाच्या बिडीची पाठ थोपटते. जी वस्तू जास्त माणसे ओढतात, तीच स्वस्त!

यावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, "बिडी हा गरिबाचा विरंगुळा आहे. कर वाढला तर बोजा गरिबावरच पडणार." मान्य आहे. पण बोजा आज कोणावर आहे? समजा एखादा मजूर रोज वीस रुपये बिडीवर घालवतो. महिन्याचे सहाशे झाले. वर्षाचे ७,३०० झाले. दहा वर्षांत ७३,००० रुपये झाले. त्यात मुलीचे शिक्षण झाले असते, घरावर पत्रे पडले असते. आणि हा झाला फक्त ओढण्याचा खर्च. खोकला जुना झाल्यावर दवाखाना, औषध, बुडालेली मजुरी, काढलेले कर्ज यांचा हिशेब वेगळाच. अनेक देशांचा अनुभव असा आहे की, किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर आपल्यासारख्या देशांत तंबाखूचा खप साधारण पाच टक्क्यांनी घटतो. त्यातही पहिल्यांदा हात आखडतो तो गरीब माणूस आणि ज्याला अजून पुरती सवय लागलेली नाही असा तरुण मुलगा. श्रीमंताला दरवाढीचे काय? तेव्हा गरिबाचे आयुष्य वाचावे असे वाटत असेल, तर त्याचे विष स्वस्त ठेवणे हा दयेचा मार्ग होऊ शकत नाही.

मात्र येथे एक गोष्ट लपवता कामा नये. कर वाढूनही जो सोडणार नाही, तो घरच्या पिठामिठाच्या पैशातून बिडी आणील. त्याची शिक्षा बायको-मुलांना होईल. म्हणून नुसता कर लावून सरकारला हात झटकता येणार नाहीत. सोडू इच्छिणाऱ्याला मदत मिळाली पाहिजे. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. तो पाकिटावर छापलेला असतो, पण वस्तीत कोणाला विचारले तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतो. तो विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. "बिडी महागली तर बिडी कामगार उपाशी मरतील." देशात नोंदणी झालेले बिडी कामगार सुमारे ५० लाख आहेत. त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्या घरी बसून काम करतात. कामठी, भंडारा, गोंदिया या भागांत आपल्या समाजातल्या कितीतरी माय-बहिणींनी बिड्या वळून संसार रेटले. सोलापूर, सिन्नरकडेही हेच चित्र. वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करताना एका बिडी वळणाऱ्या ताईंनी मला सुनावले होते, "भाऊ, बिडी बंद करा म्हणता, तं हाताले दुसरं काम द्या ना. मले काय या जर्द्याच्या वासाची हौस हाये?" या प्रश्नाला बगल देऊन तंबाखूविरोधी भाषण करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु मी उलट विचारतो, बिडी इतकी वर्षे स्वस्त राहिली, कर हलका राहिला, त्यात या ताईंच्या वाट्याला काय आले? त्यांना मजुरी मिळते ती हजार बिड्यांच्या दराने. हजार बिड्या वळायच्या तर पहाटेपासून रात्रीपर्यंत मान वर करायला मिळत नाही. सट्टेदार पान-तंबाखू तोलून देतो, त्यात कमी पडले तर भर पदरची. वळलेल्या बिड्यांतून खराब म्हणून बाजूला काढलेल्यांची मजुरी बुडते. दिवसभर जर्द्याची धूळ नाकातोंडात जाते, कातडीतूनही तंबाखूचे विष अंगात भिनते. शेजारी पाळण्यात तान्हे मूल झोपलेले असते. कर हलका असल्याचा फायदा कारखानदाराला झाला, सट्टेदाराला झाला. वळणारीचे नाव फक्त निवेदनात वापरले गेले.

बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तो आता नव्या श्रमसंहितेत सामावला गेला आहे. १९७६ साली कल्याण निधी आणि त्यासाठी बिडीवर उपकर सुरू झाला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत असा खर्च होत असे. तो उपकर किती होता? शेवटी-शेवटी हजार बिड्यांमागे पाच रुपये. म्हणजे एका बिडीमागे अर्धा पैसा! आणि २०१७ साली जीएसटी आला तेव्हा तो अर्धा पैसाही रद्द झाला. आता खर्चाची तरतूद व्हायची ती सरकारच्या मर्जीने. ज्यांच्या नावाने बिडीला सवलत मागितली जाते, त्यांच्या हक्काचा पैसा मात्र गुपचूप गेला. याबद्दल कोणत्या कारखानदाराने ओरड केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

येथे मला बाबू हरदास एल. एन. नगराळे यांची आठवण करून द्यावीशी वाटते. आपण एकमेकांना जो जयभीम घालतो, तो अभिवादन म्हणून रूढ करणारे कामठीचे हेच बाबू हरदास. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून गेले. त्याआधीपासून त्यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली होती. ठेकेदाराच्या लुटीतून मजूर सुटावा म्हणून सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू करण्याची खटपटही त्यांनी केली. १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांचा लढा बिडीचा खप वाढावा म्हणून नव्हता, वळणाऱ्या हातांना माणसाचे मोल मिळावे म्हणून होता. बिडी आणि बिडी मजूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या कार्यावरून आपण शिकले पाहिजे. मजुराला वाचवायचे म्हणजे बिडीला वाचवायचे, असे मुळीच नाही.

तेव्हा मागणी काय असावी? बिडीवरचा दर पुन्हा वर चढवावा, तो टप्प्याटप्प्याने सिगारेटच्या बरोबरीला आणावा आणि मजुरी-महागाईच्या मानाने दरवर्षी वाढवावा. शिवाय बिडीच्या प्रत्येक बंडलामागे निदान एक रुपया वेगळा काढून तो फक्त बिडी कामगारांसाठी राखून ठेवावा. २५ बिड्यांचे बंडल धरले तर हजार बिड्यांची ४० बंडले होतात. म्हणजे हजारी ४० रुपये, जुन्या उपकराच्या आठ पट. या पैशातून काय करायचे? ज्या बाईला दुसरे काम शिकायचे आहे तिला शिकण्याच्या काळात दरमहा भत्ता द्यायचा, मुलामुलींची शिष्यवृत्ती अखंड चालवायची, वृद्ध कामगार स्त्रीला निवृत्तिवेतन द्यायचे. शिलाई मशीन वाटून फोटो काढून घेण्याने हे होणार नाही. आधी दुसऱ्या कामाची मजुरी हातात पडली पाहिजे, मगच बिडीचे सूप खाली ठेवा म्हणता येईल.

हे स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणू नये. संघटित झालेल्या विडी कामगार स्त्रियांनी सोलापूरजवळ कुंभारीला नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली दहा हजार घरांची वसाहत मिळवली. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची ही वसाहत २००६ साली उभी राहिली. पुढे रे नगर येथे तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाल्या. सरकारकडे पैसा नसतो असे नाही. तो मागणाऱ्यांची संघटना असावी लागते.

आता थोडे आपल्या घराकडे वळू, कारण सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होणे हा आपला मार्ग नाही. काही जण हुशारीने सांगतात की, बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, तंबाखूचे नाही. पंचशीलातही तंबाखू कोठे आहे? अहो, तंबाखू या देशात आला तोच पोर्तुगिजांबरोबर, बुद्धांनंतर दोन हजार वर्षांनी! नाव शोधत बसण्यापेक्षा पाचव्या शिलाचा हेतू पाहावा. ज्या वस्तूसाठी माणूस सकाळी डोळे उघडताच हात चाचपतो, तिचा तो मालक आहे की गुलाम, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

माझ्या भगिनींनाही सांगणे आहे. महाराष्ट्रात धूर काढणाऱ्यांपेक्षा तंबाखू तोंडात धरणाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त आहे आणि त्यात मशेरी लावणाऱ्या आया-बाया मोठ्या संख्येने आहेत. मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते. तिच्यावर कोणता कर पोचणार आणि कोणती बंदी? तेथे शहाणपणच पोचले पाहिजे. गरोदर सुनेने मशेरी सोडावी असे वाटत असेल तर सासूने आधी सोडावी. आणि वडीलधाऱ्यांनी लेकरांना "जा रे, एक बंडल घेऊन ये" म्हणून दुकानावर पिटाळणे आजपासून थांबवावे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याची भीती बाजूला ठेवा. त्या लेकराला दुकानाची वाट आपणच दाखवतो, एवढे ध्यानात आले तरी पुरे.

प्रत्येक विहार समितीने या महिन्यात दोन ठराव करावेत. पहिला, विहाराचे आवार आणि जयंतीचा मंडप तंबाखूमुक्त राहील आणि पानमसाल्याच्या जाहिरातीचा पैसा जयंतीच्या फलकासाठी घेतला जाणार नाही. दुसरा, बिडीवरचा कर वाढवून त्यातला ठरावीक हिस्सा बिडी कामगारांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी आपल्या खासदाराकडे लेखी पाठवली जाईल. दुसऱ्या ठरावाखाली पहिली सही वस्तीतल्या बिडी वळणाऱ्या ताईंची घ्यावी. त्या सही करायला तयार झाल्या तर समजावे की आपली मागणी बरोबर आहे. नाही झाल्या तर त्यांच्याजवळ बसून त्यांचे म्हणणे ऐकावे आणि ठराव दुरुस्त करावा.

जयभीम!